कधीच न उघडलेला कन्सोल

"अगदी ओरिजिनल आहे," काका फोनवर म्हणाले होते. "दुकानातून आणला तसा आहे. कधीच उघडलेला नाही."

जुनी वस्तू देणारा माणूस एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायला लागला की मी सावध होते. मी क्राइस्टचर्चमधल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेला डोस बरोबरच असणार असं धरून चालायचं नाही, हेच माझं काम. ती सवय घरीही सुटत नाही. नवरा म्हणतो, मी दुधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा उलटतपासणी घेतल्यासारखी वाचते.

जुने गेम कन्सोल दुरुस्त करायचा नाद मला लॉकडाऊनमध्ये लागला. लहानपणी पुण्यात हे खेळ मी फक्त बघितले होते, मावसभावाच्या मागे सतरंजीवर बसून, माझी पाळी येईल ह्या आशेवर. ती कधी आली नाही. आता डायनिंग टेबलाच्या एका टोकाला माझं सोल्डरिंग आयर्न असतं, भिंग असतं, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जेवायला कोणाला बसू देत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर काकांनी त्या करड्या कन्सोलचा फोटो टाकला तेव्हा पहिला फोन माझाच गेला.

काका म्हणजे मंडळातले एक ज्येष्ठ, शहराच्या पश्चिम टोकाला हॉर्नबीला राहतात. तिथल्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त. मुलगी वेलिंग्टनला, तिला नुकतंच बाळ झालेलं, काकू तिच्याकडे गेलेल्या. एकटेपणात काकांनी गराज आवरायला काढलं होतं. मी कन्सोल आणायला गेले तेव्हा तो जुन्या टॉवेलात गुंडाळून तयार होता.

"मुलांसाठी का?" त्यांनी विचारलं.

"नाही, माझ्यासाठीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पुढे विकणार असाल तर तसं सांगा."

"खेळणार आहे, काका."

"हं," ते म्हणाले. त्यांच्या मागे फळीवर हत्यारं मापाप्रमाणे ओळीने टांगलेली होती, आणि त्या ओळीत एक सोल्डरिंग आयर्न होतं. ते मी लक्षात ठेवलं.

घरी आणून लावला. न्यूझीलंडमध्ये विकत घेतलेली एक डिस्क घातली, तर पडदा काळा. बंद करून परत लावला, सुरू झाला. परत बंद, परत काळा. कधी चालायचा, कधी नाही, आणि त्यात काही रीतच दिसेना. लेन्स झिजली असेल असं मला वाटलं. इतक्या जुन्या यंत्रात ते नेहमीचंच. मग सहज, काही अपेक्षा नसताना, मी एका सहकाऱ्याने जपानहून आणून दिलेली डिस्क घातली. आणि खेळ सुरू झाला. जपानी अक्षरं पडद्यावर झळकली.

हे व्हायला नको होतं. हे कन्सोल ज्या देशासाठी बनवले जातात त्याच देशाच्या डिस्क चालवतात. डिस्कवर एक छुपी खूण असते. ती खूण दिसली नाही की यंत्र पुढे जात नाही. ते टाळण्यासाठी लोक आत एक छोटी चिप बसवायचे. डिस्क कुठलीही असो, ती चिप यंत्राला सांगत राहते की खूण बरोबर आहे. म्हणजे ह्याच्या आत चिप होती. आणि कधीच न उघडलेल्या डब्यात चिप कशी जाईल?

मी तो पालथा केला. खालचे स्क्रू पाहिले. एक सोडून सगळे जुने, काळपट. तो एक चकचकीत होता, आणि काढल्यावर इतरांपेक्षा लांब निघाला.

आत चिप होतीच. आठ पायांची, झुरळाएवढी, हिरव्या टेपमध्ये गुंडाळलेली. तिच्यातून बारीक रंगीत तारा निघून बोर्डावर ठिकठिकाणी चिकटवलेल्या. काम घरगुती होतं, सोल्डरचे काही थेंब गोल आणि देखणे, काही मातकट. मी काकांना फोन केला.

"काका, ह्यात चिप बसवलेली आहे."

"कसली चिप?"

"दुसऱ्या देशातले खेळ चालावेत म्हणून बसवतात ती. कोणीतरी हाताने बसवलीय."

पलीकडचा आवाज बदलला. "तुम्ही तो उघडलात?"

"नीट चालत नव्हता म्हणून उघडला."

"माझ्याकडे होता तोवर चालत होता."

"न उघडता चिप दिसली नसती, काका."

"तेच म्हणतोय मी. उघडलात तुम्ही, आणि चिप दिसली तीही तुम्हालाच."

मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. माणूस स्वतः मेंटेनन्सचा, घरात आयर्न, एक स्क्रू बदललेला, आणि वर मलाच विचारतो! दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला. नवऱ्याने तो टोस्ट खाता खाता मोठ्याने वाचला: "जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू देताना सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवावा, ही सर्वांना विनंती." खाली बऱ्याच लोकांनी अंगठे दिले होते.

"हा तुझ्यावर आहे," नवरा म्हणाला. "तू कन्सोल बदललास असं वाटतंय त्यांना."

"माहितीये."

"देऊन टाक परत. वर्षप्रतिपदेला तोंड दाखवायचंय सगळ्यांना."

मी परत दिला नाही. परत दिला असता तर ते म्हणाले असते, बघा, घाबरली. आधी मला कळायला हवं होतं की आत नेमकं काय बिघडलंय, आणि ते कोणी बिघडवलंय.

सुरुवात लेन्सपासून केली. गाण्यांची सीडी घातली. तिला कुठल्या देशाची खूण लागत नाही, त्यामुळे ती अडखळली तर दोष लेन्सचा. सीडी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजली. लेन्स सुटली. मग चिपला वीज पुरवणारी तार तेवढी काढली आणि आपली इथली डिस्क घातली. सुरू. परत, सुरू. कितीदाही लावा, सुरू. म्हणजे यंत्र धडधाकट होतं आणि चिपच मधूनमधून त्याचा गळा धरत होती. तार परत जोडली, बोर्ड उघडाच ठेवून लावला, तर आता चिपसकट सगळं चालायला लागलं. जपानी डिस्कही. खूश होऊन झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, आणि पडदा काळा.

उघडं असलं की चालतं, बंद केलं की नाही. मी तारा एकेक करून भिंगाखाली पाहत गेले. पिवळी तार बोर्डाच्या कडेने, एका स्क्रूच्या भोकाच्या अगदी तोंडावरून नेलेली होती. तिथे तिचं आवरण सोललं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं. त्या भोकात शिरणारा स्क्रू कोणता ते मला बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. तोच, लांब आणि चकचकीत. त्याच्या आट्यांमध्ये पिवळ्या प्लास्टिकचा कण अडकला होता.

मग हळूहळू उलगडलं. चिप ज्याने बसवली त्याला तार न्यायला दुसरी जागा सापडली नसावी, म्हणून त्याने त्या भोकातला स्क्रू मुद्दाम काढून टाकला होता. आणि नंतर दुसऱ्याच कोणीतरी, चिपचा पत्ता नसताना, तिथे नवा स्क्रू ठोकला. चिप बसवणारा आणि स्क्रू लावणारा एकच असता तर त्याने असं केलं नसतं.

हे मला आवडलं नाही. माझा काकांवरचा सरळसोट संशय दोन माणसांत वाटला गेला. त्यातच दुसरी गोष्ट दिसली. सोल्डरचे काही सांधे कशाने तरी रंगवलेले होते, एकमेकांना लागू नयेत म्हणून. मला आधी ते जुनं लाखेचं काहीतरी वाटलं होतं. दिव्याखाली तिरकं धरलं तर ते जांभळं होतं आणि त्यात चमचम होती.

"नेलपॉलिश," मी म्हटलं.

नवऱ्याने भिंगातून पाहिलं. "काका चमचमवालं नेलपॉलिश लावतात?"

रविवारी सकाळी मी उघडा कन्सोल एका खोक्यात घालून हॉर्नबीला गेले. नॉर्वेस्टर, इथला तो गरम वारा, सुटला होता, काकांच्या अंगणातली कचऱ्याची पिवळी बिन आडवी पडली होती. ते रबरी जँडल्स घालून दारात आले आणि दारातच उभे राहिले.

"परत द्यायला आलात?"

"दाखवायला आले. पाच मिनिटं बघा, मग काय म्हणायचं ते म्हणा."

त्यांनी मला घरात न घेता गराजमध्ये नेलं. खोकं टेबलावर ठेवल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर खिशातून फोन काढून त्यातल्या फोटोशी सिरियल नंबर ताडून पाहिला. एकेक आकडा ओठ हलवत वाचला. जुळला. "हं," ते म्हणाले, जरा नाराजच होऊन.

मी तो स्क्रू त्यांच्यापुढे ठेवला. "हा तुमचा?"

त्यांनी तो उचलला नाही. "खाली एक कमी होता. रिकामं भोक बरं दिसेना, म्हणून माझ्या डब्यातला लावला."

"म्हणजे कधीच न उघडलेला..."

"उघडलेला नाहीच! स्क्रू लावला फक्त. लावणं म्हणजे उघडणं नव्हे."

मी त्यांना सोललेली तार दाखवली. त्यांनी चष्मा बदलला, भिंग स्वतःचं घेतलं. स्क्रूकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. ते तारेकडेच बघत राहिले, मग दुसऱ्या तारेकडे, जिच्या निळ्यावर पांढरी रेघ होती.

"ही माझी तार आहे," ते म्हणाले.

"कशी काय?"

"टेलिफोनची. कारखान्यात जुनी लाइन काढली तेव्हा मी रीळ घरी आणलं होतं. ह्याच फळीवर असायचं." ते स्टुलावर बसले. "त्यातला तुकडा गेला होता. आयर्नची बारीक टिप जळून काळी झाली होती. डाख लावायच्या फ्लक्सची डबी अर्धी. मी तेव्हाच म्हटलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. मुलगी शाळेत असताना त्यांच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू राहायचा, नागपूरचा, इथल्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा. त्यांच्याच पंगतीला जेवायचा. गराजमधलं सामान नाहीसं व्हायला लागलं तेव्हा काकांना दुसरा कोण सुचणार? त्यांनी विचारलं, तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला खोली सोडायला सांगितली. थंडीचे दिवस होते, तो बॅग घेऊन बसस्टॉपवर उभा राहिला होता.

"आणि बघा," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला, "म्हणजे त्यानेच केलं. माझ्या तारेने, माझ्या घरात, माझ्याच वस्तूत. मी बरोबर होतो."

मला वाटतं तिथेच सोडून दिलं असतं तर त्यांनी मला चहा पाजला असता, आणि ग्रुपवर माझं नाव साफ झालं असतं. पण मी म्हटलं, "काका, हे पण बघा," आणि दिवा तिरका केला.

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जांभळ्या चमचमीवर नख घासलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं. त्यांनी फोन उचलून मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

मुलीच्या खांद्यावर बाळ होतं आणि त्याच्याखाली ढेकर काढायचं फडकं. "हाय बाबा. एव्हरीथिंग ओके?"

काकांनी कॅमेरा कन्सोलच्या पोटाकडे वळवला.

"ओह," ती म्हणाली. मग हसली. "ओह माय गॉड, माझं नेलपॉलिश अजून आहे!"

"तू केलंस हे?"

"येस. पुण्याच्या दादाने डिस्क दिल्या होत्या ना, त्या चालतच नव्हत्या. माझ्या फ्रेंडच्या ब्रदरने चिप प्रोग्रॅम करून दिली. बाकी सगळं मी. तू कामावर असताना, गराजमध्ये. इट वर्क्ड फॉर इयर्स, बाबा."

"माझी तार?"

"तुझीच."

"टिप?"

"सॉरी, ती जळली."

मी निघून जावं की काय असं मला वाटलं, पण माझा मार्ग त्यांच्या स्टुलाजवळूनच होता. "मग तेव्हा बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं. "मी त्या मुलाला घराबाहेर काढलं. तू बघत होतीस."

आता ती हसत नव्हती. आणि इतका वेळ इंग्रजी मिसळणारी ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "तू मला विचारलंच नाहीस, बाबा. तू आधीच ठरवलं होतंस. मला वाटलं, त्याला जायला सांगितलंस तसं मलाही सांगशील."

मागून काकूंचा आवाज आला. "मी तेव्हाच म्हणत होते, तो तसला मुलगा नाही."

"तू काही म्हणाली नव्हतीस," काका म्हणाले.

"म्हणाले होते."

बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला. काकांनी तो टेबलावर पालथा ठेवला. वाऱ्याने गराजचं पत्र्याचं दार वाजत होतं. खरं सांगायचं तर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हाही अंदाज घेत होते की ह्या सगळ्याचा राग आता माझ्यावर निघणार की काय.

"चालू होईल का हा?" त्यांनी विचारलं.

"होईल. तार बदलायला हवी."

त्यांनी आयर्न खाली काढून दिलं आणि दिवा धरून माझ्या खांद्याशी उभे राहिले. मी सोललेली पिवळी तार काढली, त्यांच्या रिळातला नवा तुकडा घेतला आणि तो स्क्रूच्या भोकापासून लांबून, बोर्डाच्या दुसऱ्या कडेने नेला. "तिथला डाख कच्चा आहे," ते मध्येच म्हणाले. होता. अर्थिंगच्या तारेचा तो मातकट सांधा मी परत गरम करून पक्का केला. मुलीच्या हातचे बाकीचे सांधे उत्तम होते, त्यांना हात लावला नाही. सगळा वेळ त्यांची नजर माझ्या बोटांवर होती, जणू मी एखादा भाग खिशात टाकेन.

गराजमधल्या जुन्या टीव्हीला लावून पाहिला. इथली डिस्क सुरू झाली, जपानी सुरू झाली. झाकण बंद करून, स्क्रू लावून, परत दोन्ही. काका दर वेळी म्हणायचे, "बंद करा. परत लावा." त्यांचं समाधान व्हायच्या आत माझं झालं होतं.

शेवटी त्यांनी डब्यातून एक आखूड स्क्रू शोधून आणला. "हा लावा. लागणार नाही तारेला."

"नको, काका."

"रिकामं भोक आहे ते."

"राहू दे रिकामं."

त्यांनी तो स्क्रू थोडा वेळ बोटात फिरवला आणि डब्यात परत टाकला. मी निघताना त्यांनी बिन उभी केली, पण निरोपाचं काही बोलले नाहीत. ग्रुपवर त्यांचा तो संदेश मात्र दुपारपर्यंत नाहीसा झाला होता. नवऱ्याने विचारलं की त्यांनी माफी मागितली का. मी म्हटलं, नाही, आणि मीही नाही.

त्यानंतर ते भेटले ते भारतीय सामानाच्या दुकानात, कोथिंबिरीच्या टोपलीपाशी. वर्षप्रतिपदेचा कार्यक्रम होऊन गेला होता. त्याला ते आले नव्हते. मला पाहून ते सरळ माझ्याकडे आले आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाले, "सापडला तो."

"कोण?"

"तो मुलगा. मुलगा कसला, आता टक्कल आहे म्हणे. ऑकलंडला असतो, पापाटोएटोला. मंडळातल्या एकाच्या ओळखीने नंबर मिळवला."

"बोललात?"

"बोललो." त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलली, देठं पाहिली, ठेवली. "नाव सांगितलं तर ओळखलं त्याने. लगेच. पण पहिलं वाक्य काय म्हणाला, तर 'इतक्या वर्षांनी तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?' मी म्हटलं, काही नको. ती तार तू घेतली नव्हतीस. माझ्या मुलीने घेतली होती. एवढंच सांगायला फोन केलाय."

"मग?"

"गप्प. मला वाटलं ठेवला फोन. मग त्याने कोणाला तरी हाक मारली. बायको असणार. फोन स्पीकरवर टाकला, आवाज बदलला त्यावरून कळलं मला. आणि म्हणाला, 'काका, आता परत सांगा.'"

आमच्या मागून एक बाई ट्रॉली घेऊन आली, तिला वाट द्यायला आम्ही दोघं बाजूला झालो.

"सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं. पहिल्यापासून. रीळ, टिप, सगळं. तू चोर नव्हतास म्हटलं, माझं चुकलं म्हटलं. मग तो 'ठीक आहे' म्हणाला आणि ठेवला."

मग ते आवाज खाली आणून, पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत म्हणाले, "तुला काय वाटतं गं, त्याने ते रेकॉर्ड केलं असेल का?"

"असेल," मी म्हटलं.

"करू दे," काका म्हणाले, आणि मघाशी ठेवलेली जुडी उचलून काउंटरकडे गेले.